घरातली डबल कॉमिक्स पावसाळ्याआधी वाटून टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकपत्रांच्या सदरात वर्षातून दोनदा एक पत्र हमखास येतं, एकदा जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि एकदा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास, की हल्लीची मुलं वाचत नाहीत, मोबाईलने वाट लावली, आमच्या वेळी आम्ही असं वाचायचो आणि तसं वाचायचो. लिहिणारे बहुतेक माझ्याच वयाचे, पन्नाशी ओलांडलेले. या मंडळींना मला एवढंच विचारायचंय की तुम्ही जे वाचायचात ते आत्ता कुठंय? कारण मला माहितीये कुठंय ते. माळ्यावर, पलंगाच्या बॉक्समध्ये, जुन्या व्हीआयपीच्या सुटकेसमध्ये, आणि घरातल्या पोराने हात लावला की तुम्ही ओरडता, ठेव ते, फाटेल. म्हणून हे पत्र लिहितोय. ज्यांच्याकडे कॉमिक्स जमवलेली आहेत त्यांनी निदान डबल झालेली तरी देऊन टाका. विकू नका, रद्दीतही घालू नका, सरळ पोरांना द्या.

मी स्वतः जमवणाऱ्यांपैकीच आहे त्यामुळे बाहेरून शहाणपण शिकवतोय असं समजू नका. गिरगावात वाढलो, आता बोरिवलीला राहतो, आणि लग्न, बदल्या, घर बदलणं या सगळ्यातून जे काही माझ्याबरोबर आलं त्यात इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे, अमर चित्र कथा, टिंकल, थोडी डायमंड आणि राजची हिंदी कॉमिक्स आणि चिंटूची पुस्तकं एवढं आहे. आमच्या हिने एका कपाटापुरतीच परवानगी दिलीये, आणि ते कपाट केव्हाच भरलं.

ज्यांना हा नाद नाही ते विचारतात की एकच अंक चारचार कसा होतो रे बाबा, तू काय दुकान काढणारेस का. तर होतो. रद्दीवाला सुटा अंक देत नाही. तुम्हाला गठ्ठ्यात मधेच इंद्रजालच्या बहादूर या हिरोचा एक अंक दिसतो जो तुमच्याकडे नाहीये, तुम्ही तो हळूच ओढायला जाता, आणि रद्दीवाल्याला तेवढ्यात तुमच्या तोंडावरून कळतं की हा फसलाय, मग तो म्हणतो पूरा लॉट लेना पडेगा साहब. मग लॉट घ्यायचा, त्यातला एक अंक आपला आणि बाकी सगळे आधीच घरी असलेले. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फ्लोरा फाउंटनला जे पुस्तकवाले बसतात त्यांच्याकडे निदान निवडू तरी देतात, पण ते भाव जाणून असतात.

दुसरं कारण कंडिशन. आधी मिळालेल्या अंकाला कव्हरच नसतं, मग कव्हर असलेला मिळतो पण मधलं पान गायब असतं, मग कधीतरी धड अंक हाती लागतो, पण म्हणून आधीचे दोन कुणी टाकून देत नाही. असू दे, लागेल कधीतरी. काय लागणार आहे? जमवणाऱ्याचं हे लागेल कधीतरी आयुष्यभर संपत नाही. आणि तिसरं म्हणजे भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्या बंद झाल्या त्याचा माल. आमच्या लहानपणी चाळीच्या तोंडाशी, जिन्याखाली, पानवाल्याच्या बाजूला अशा लायब्ऱ्या असायच्या, दिवसावर भाडं असायचं आणि उशीर झाला की मालक घरी निरोप पाठवायचा. केबल आली आणि एकेक बंद झाली, आणि त्यांचे अंक पोत्यांनी बाहेर आले. दाभणाने टोचून जाड दोऱ्याने शिवलेले, कव्हरवर जांभळा रबरी शिक्का, आत कुणीतरी वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) डायनाला बॉलपेनने मिश्या काढलेल्या आणि शेवटच्या पानावर तीन वेगवेगळ्या पोरांची नावं, त्यातलं एक खोडून त्याच्यावर दुसरं. असा अंक कलेक्टरच्या हिशेबात कचरा. पोराच्या हिशेबात मात्र पूर्ण गोष्ट आहे, आणि त्या मिश्यांमुळे जरा जास्तच मजेची.

थोडं मुंबईबद्दल सांगतो कारण आजच्या बऱ्याच पालकांना हे माहीत नसतं. यातली बरीच कॉमिक्स आपल्या गावची आहेत. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये टाइम्सवाल्यांनी सुरू केलं, व्हीटीसमोरच्या त्यांच्या त्या बिल्डिंगमधून, आणि १९९० पर्यंत आठशेच्या वर अंक निघाले. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही बाहेरची मंडळी आणि १९७६ पासून आपला बहादूर, जो आबिद सुरतींनी लिहिला आणि गोविंद ब्राह्मणियांनी (तेच बी. गोविंद) काढला. मराठीतही निघायचं इंद्रजाल. अनंत पै आधी टाइम्समध्येच होते, इंद्रजाल सुरू करण्यात त्यांचा हात होता, तिथून बाहेर पडून त्यांनी १९६७ ला इंडिया बुक हाऊसबरोबर अमर चित्र कथा काढली आणि १९८० ला टिंकल. चित्रं काढणारे बघा, राम वाईरकर, प्रताप मुळीक, टिंकलमधल्या शिकारी शंभूचे वसंत हळबे, कालिया कावळ्याचे प्रदीप साठे. आपलीच माणसं. वाईरकरांनी काढलेला कृष्ण हे अमर चित्र कथेचं पहिलं गाजलेलं पुस्तक, त्याचा नंबर अकरा, कारण आधीचे दहा परदेशी परीकथांमध्ये गेले होते. या माणसांनी काढलेली पानं या शहरातल्या पोरांनी लोकलमध्ये, गच्चीवर, संडासच्या लाईनीत उभं राहून वाचली आणि आता त्याच शहरात ती एकतर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद आहेत नाहीतर किलोवर जातायत. अधलंमधलं काहीच नाही.

किलोवर कशी जातात ते मी बघितलंय. आमच्याच ओळखीतले एक काका, दादरला राहायचे, जबरदस्त कलेक्शन, मराठी इंद्रजाल त्यांच्याइतकं मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नाही. कुणाला दाखवायचे पण द्यायचे नाहीत, डबलसुद्धा नाही, म्हणायचे बदली द्या मग देतो. ते गेले. मुलगा परदेशात, तो आला आणि फ्लॅट रिकामा करायचा म्हणून सगळं एका दिवसात टेम्पोत भरून दिलं. त्याला दोष नाही देत मी, त्याला त्यातलं काय कळणार, त्याला कधी वाचूच दिलं नव्हतं. आम्हाला कळलं तोपर्यंत माल कुठल्या गोदामात गेला तेही सांगता येईना.

आणि दुसरा प्रकार ऑनलाइनवाल्यांचा. जुन्या इंद्रजालला आता हजारांत भाव लावतात, मिळतो का तेवढा तो भाग वेगळा. पण त्यामुळे झालंय काय की ज्याच्या घरी फाटके दहा अंक आहेत त्यालाही वाटतं आपण लखपती. अहो, नाही. भाव पहिल्या अंकांना असतो, कोऱ्या अंकांना असतो. लायब्ररीचा शिक्का मारलेल्या आणि दोऱ्याने शिवलेल्या ऐंशीच्या दशकातल्या अंकाला कुणी फार काही देणार नाही, तो वर्षभर तसाच पडून राहील आणि तोवर त्याला कसर लागेल.

मी आधी सरळ मार्ग धरला होता. आमच्या भागातल्या एका वाचनालयात गेलो, पिशवी भरून, सगळे धड अंक निवडून नेले होते. तिथल्या बाईंनी वरचेच दोन बघितले आणि म्हणाल्या, "कॉमिक्स नको हो, ही पुस्तकं नाहीत." मी म्हटलं मग काय आहेत? तर म्हणाल्या कणा नाही, बत्तीस पानं, कपाटात उभं राहत नाही, दाखल नोंदवहीत कशात घालू, आणि आठवड्यात चोरीला जातील मग हिशेब कोण देणार. आता त्यांचंही खोटं नाही. ज्या १९६७ साली अमर चित्र कथा सुरू झाली त्याच साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला, आणि अनुदान, वर्ग, तपासणी सगळं त्या नोंदवहीवर चालतं, त्यामुळे जे हरवणारच आहे ते नोंदवहीत घ्यायला कुणीही घाबरणार. पण मग नोंदवहीत घेऊच नका ना! दाराजवळ एक पेटी ठेवा, जे हवं ते न्या, आणलं तर आणा नाही आणलं तर राहू दे. पोराने कॉमिक्स चोरून नेलं तर ते वाचनालयाचं यश आहे असं मला वाटतं. बाई हसल्या आणि म्हणाल्या कमिटीपुढे ठेवते. अजून ठेवतायत.

मग आम्ही सोसायटीच्या गेटपाशीच टेबल टाकलं. आम्ही म्हणजे मी आणि वरच्या मजल्यावरचे एक रिटायर्ड शिक्षक, ज्यांच्याकडे चांदोबा आणि किशोरचे जुने अंक जादा होते. ती काही कॉमिक्स नाहीत पण असू दे म्हटलं. सेक्रेटरींनी पहिला प्रश्न विचारला, परमिशन घेतली का? कसली परमिशन? टेबल कॉमन एरियात आहे म्हणाले. पंधरा मिनिटांनी तेच सेक्रेटरी चष्मा कपाळावर सरकवून मँड्रेक वाचत उभे होते आणि परमिशनचा विषय परत निघाला नाही.

टेबलावर जे बघितलं त्यातून दोन-तीन गोष्टी शिकलो त्या सांगतो.

पहिली म्हणजे निवडून कुणी कुणाला देऊ नये, पोराला निवडू द्यावं. आपण मोठी माणसं लगेच सुरू होतो, हे घे, शिवाजी महाराजांचं आहे, ह्यातून शिकायला मिळेल, आणि ते बिचारं शिकारी शंभूकडे बघत असतं. एक मुलगी आली, सातवी-आठवीतली असेल, तिला आईने झाशीची राणी हातात दिली, तिने ती शहाण्यासारखी घेतली आणि आईचं लक्ष भाजीवाल्याकडे गेलं तसं खाली ठेवून सुपर कमांडो ध्रुवचा जाडा विशेषांक उचलला, हिंदीतला, आणि टेबलाच्या कडेला कोपर टेकून तिथेच सुरू केला. आई हाका मारतेय, ही एका हाताने पिशवी धरतेय आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटतेय, मान वर नाही. शेवटी आई म्हणाली, घरी घेऊन जा ना बाई ते, तर ही म्हणते थांब, इथे एकच पान राहिलंय. खरंतर राहिली होती वीस.

दुसरी गोष्ट मराठीची, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची हीच. आमच्या सोसायटीतली बहुतेक मराठी पोरं इंग्लिश मीडियमची आहेत. मराठी बोलतात झकास, शिव्यासकट, पण मराठी पुस्तक दिलं की पहिल्या परिच्छेदातच दमतात कारण जोडाक्षरं आली की अडतात आणि अडलं की पुढे काय झालं ते कळत नाही, मग कंटाळा. कॉमिक्समध्ये अडलं तरी चित्र पुढे ढकलतं. शेजारचा एक पोरगा मराठी अमर चित्र कथा वाचत होता, "ब्रह्मास्त्र" शब्दावर अडकला, ब... र... करत राहिला, मग चित्राकडे बघितलं, तिथे बाणातून ज्वाळा निघतायत, आणि स्वतःच म्हणाला ओ, ब्रह्मास्त्र! कुणी सांगावं लागलं नाही. पुढच्या पानावर तोच शब्द परत आला तर न थांबता वाचला. त्याच्या आईने त्याला मराठी वाचायला यावं म्हणून काय काय केलं असेल, आणि इथे एका फाटक्या अंकाने काम केलं. चिंटूचंही तसंच आहे, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१ मध्ये पेपरात सुरू झाला, चार चौकटीत गोष्ट संपते, वाक्यं घरात बोलतो तशी, मराठी वाचायला घाबरणाऱ्या पोराला सुरुवात करून द्यायला त्याच्यासारखं दुसरं मला तरी माहीत नाही. म्हणून जमवणाऱ्यांना माझं खास सांगणं की इंग्लिश टिंकल ठेवा हवं तर, पण मराठी डबल आधी सोडा. मला माहितीये ते सोडणंच सगळ्यात जड जातं कारण मराठी अंक मिळतच नाहीत. पण म्हणूनच.

तिसरी गोष्ट आमच्या वॉचमनची. टेबलावर तो दिवसभर नुसता बघत होता, संध्याकाळी आवरताना म्हणाला साब हिंदीवाला कुछ बचा है क्या, गाव में लडका है. चाचा चौधरी होते, नागराज होते, दिले. नंतर कळलं की गावी जाईपर्यंत रात्रपाळीला तो स्वतःच वाचत होता सगळे. मुंबईत हिंदी, गुजराती, तमिळ सगळ्या भाषांची पोरं आहेत आणि ही कॉमिक्सही सगळ्या भाषांत निघालेली आहेत, तर तुमच्या गठ्ठ्यात गुजराती इंद्रजाल निघालं तर ते बाजूला टाकू नका, घाटकोपर-मुलुंडला कुणीतरी आनंदाने घेईल.

आता एक कडू भाग. फुकट म्हटलं की घेऊन विकणारा येतोच. आमच्याकडेही एकजण आला, गोड बोलला, भाच्यांसाठी पाहिजेत म्हणाला, पिशवी भरून घेऊन गेला, आणि त्याच आठवड्यात माझ्याच अंकांचे फोटो, माझ्याच बॉलपेनच्या खुणेसकट, विकायला लावलेले मला एका मित्राने पाठवले. चिडचिड झाली. पण त्यावर उपाय सोपा निघाला. स्टेशनजवळ रबरी शिक्के बनवणारे असतात त्यांच्याकडून एक शिक्का करून घेतला, "भेट - विक्रीसाठी नाही", आणि द्यायच्या प्रत्येक अंकाच्या कव्हरवर ठळक मारायला लागलो, आत नाही, कव्हरवरच, वेताळाच्या छातीवर. कलेक्टर मित्रांनी मला वेड्यात काढलं. एकजण म्हणाला हे पाप आहे, बी. गोविंदांनी रंगवलेल्या कव्हरवर तू शिक्का मारतोस? अरे मारतो, कारण त्याच कव्हरचा याहून चांगला अंक माझ्या कपाटात आहे आणि तुझ्या कपाटात दोन आहेत. शिक्का बसला की विकणाऱ्याचा इंटरेस्ट संपतो आणि वाचणाऱ्याचा अजिबात संपत नाही. जो अंक खरोखर दुर्मिळ आहे त्यावर अर्थातच मारू नका, तो टेबलावर ठेवूही नका, तो ज्याला नडलाय अशा दुसऱ्या कलेक्टरला द्या.

काही पालकांनी टेबलापाशी एक शंका काढली आणि ती रास्त आहे, की जुन्या कॉमिक्समध्ये जे दाखवलंय ते सगळं आज पोरांच्या हातात द्यावं का. जंगलातले लोक म्हणजे भाबडे किंवा रानटी आणि त्यांना वाचवणारा मुखवट्यातला गोरा, आणि आपल्याकडच्या पौराणिक पुस्तकांत चांगला तो गोरापान आणि राक्षस तो काळा, हे आहेच. टाइम्सवाल्यांनी स्वतः वेताळाच्या देशाचं बंगालसारखं वाटणारं मूळ नाव बदलून डेंकाली केलं होतं, बंगालशी गोंधळ होऊन कुणी दुखावू नये म्हणून, म्हणजे तेव्हाही विचार करत होते लोक. माझं मत असं की लपवू नका, बरोबर बसून वाचा. पोरं आपल्यापेक्षा तिखट आहेत, एका मुलीने मला विचारलं, काका, सगळे राक्षस माझ्यासारखे सावळे का? मी काय उत्तर देणार, मी म्हटलं चित्र काढणाऱ्याचं चुकलं. ती म्हणाली मी रंगवून बदलू का. बदल म्हटलं, आता तुझंच आहे.

द्यायच्या आधी थोडी तयारी लागते, ती जमवणाऱ्यांना माहीत असते पण ज्यांच्या घरी आजोबांचा गठ्ठा तसाच पडलाय त्यांच्यासाठी लिहितो. हा कागद स्वस्तातला, पेपरचाच कागद, तो पिवळा पडणारच, त्यात काही बिघडलेलं नाही. पण पिना गंजलेल्या असतात, त्या पोराच्या बोटात घुसतात, तर नखाने नको, बोथट सुरीने उघडून काढा आणि जाड पांढऱ्या दोऱ्याने दोन टाके घाला. सेलोटेप अजिबात लावू नका, दोन-चार वर्षांत ती तपकिरी होते आणि चिकट डाग मागे राहतो. वास येत असेल तर सावलीत वाऱ्यावर पसरा, कडक उन्हात नको, रंग उडतात. कसर दिसली तर तो अंक बाकीच्यांपासून आधी वेगळा करा. आणि डांबरगोळ्यांचा वास गेल्याशिवाय लहान मुलांच्या हातात देऊ नका. बुरशी धरलेला, हात लावला की काळं उठणारा अंक मात्र देऊ नये, तो रद्दीतच गेला पाहिजे, तिथे भावना आणू नका. २६ जुलै २००५ ला पाण्यात गेलेले गठ्ठे अजून वाळवून ठेवलेले लोक मला माहितीयेत. अहो, सोडा आता.

गावाकडच्या शाळेला पाठवायचं असेल तर पोस्टाचं बघा. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं तेव्हा पुस्तकं पाठवणारे सगळेच हवालदिल झाले होते, पण १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स. जमिनीवरून जातं त्यामुळे वेळ लागतो. ठराविक मुदतीने निघणारे अंक आणि जाहिरातींचे कागद त्यात घेत नाहीत, म्हणून टिंकलपेक्षा अमर चित्र कथेसारखी पुस्तकं त्यातून पाठवणं बरं, आणि काउंटरवर आधी विचारून घ्यावं म्हणजे वाद नको.

अमेरिकेत २००२ पासून बहुतेक वर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी कॉमिक्सच्या दुकानांत फुकट अंक वाटतात, मोठी गर्दी होते म्हणे. ते अंक त्या दिवसासाठी खास छापलेले असतात, गिऱ्हाईकाला फुकट पण दुकानदाराला थोडे पैसे मोजावेच लागतात, म्हणजे धंद्याचाच भाग आहे तो, पण कल्पना चांगली आहे. आपल्याकडे कुणीतरी उत्साहाने लगेच म्हणेल की मुंबईतही तोच दिवस करूया. करू नका. मेच्या पहिल्या शनिवारी मुंबईतली निम्मी मराठी पोरं गावाला असतात. आपला मुहूर्त एप्रिलच्या शेवटाला, परीक्षा संपल्या आणि बॅगा भरायला घेतल्या की, म्हणजे मांडवी एक्स्प्रेसमध्ये पनवेल ते चिपळूण वाचायला काहीतरी हातात असेल आणि मोबाईलला तसंही बोगद्यात रेंज नसते. गावाला नेलेला अंक तिथल्या भावंडांकडे राहून येतो, तो परत येणार नाही हे धरूनच द्या. आणि जून लागला की कपाटात दमट हवा शिरते, मग जे आज देण्यासारखं आहे ते सप्टेंबरपर्यंत देण्यासारखं उरेलच असं नाही.

तर संपादक महाशय, तुमच्या पेपरकडून एक अपेक्षा आहे. रविवारच्या पुरवणीत कोपऱ्यात एक छोटी चौकट द्या, कुठल्या सोसायटीत, कुठल्या वाचनालयाच्या दाराशी असं टेबल लागणार आहे तेवढं फक्त, फोटो नको, उद्घाटन नको, पाहुणे तर अजिबात नकोत. पाहुणे आले की भाषण येतं आणि पोरं पळतात. वाचनालयांच्या कमिट्यांनीही माझं पत्र वाचलं तर त्या पेटीचा विषय जरा वर घ्यावा. महापालिकेच्या शाळांत द्यायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांना भेटा, परस्पर गठ्ठे नेऊन टाकू नका, त्यांना ठेवायला जागा लागते आणि बाईंना ते आधी चाळून बघायचे असतात, ते बरोबरच आहे.

आणि जाता जाता, स्वार्थाचं एक. कुणाकडे मराठी बहादूर डबल असेल, शिक्का नसलेला, तर आधी मला कळवा. मी त्याच्या बदल्यात टेबलासाठी दुप्पट अंक द्यायला तयार आहे, पण शिक्का मारायच्या आधी कळवा.

आपला,
एक वाचक,
बोरिवली (पश्चिम), मुंबई